थोरल्या दिरांचा कासरा

माझ्या थोरल्या दिरांशी मी कितीतरी वर्षं एक शब्दही बोलले नव्हते. भांडण नव्हतं, रीत होती. धाकट्या सुनेनं थोरल्या दिरापुढं पदर ढळू द्यायचा नाही, समोर उभं राहायचं नाही आणि तोंडानं तर बोलायचंच नाही. पण एका घरात राहायचं म्हटल्यावर काही ना काही सांगावं लागतंच. मग ते बैलाला सांगायचं. दिरांना जेवायला बोलवायचं झालं की मी गोठ्याच्या तोंडाशी उभी राहून म्हणायची, "ढवळ्या, भाकरी झाली म्हणावं." ढवळा कान हलवायचा आणि दीर हात धुवायला उठायचे. त्यांना काही हवं असलं तर तेही ढवळ्यालाच सांगत. आम्हा दोघांचा निरोप्या होता तो बैल, आणि एक निरोप त्यानं कधी वाकडा नेला नाही. माणसांबद्दल असं सांगता येत नाही.

दीर उंच, आवाजानं दांडगे आणि मनानं मऊ. पुसेगावच्या आसपासच्या खेड्यांत त्यांच्यासारखा धुरकरी नव्हता. धुरकरी म्हणजे गाडीच्या धुरेवर बसून बैल हाकणारा. बैलांच्या वेसणीला बांधलेला दोर, आमचा कासरा, त्यांच्या हातात नुसता असायचा; तो ओढताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. जिभेनं टक् केलं की बैल वळायचे. कापसाच्या दिवसांत गावातला निम्मा कापूस त्यांच्या गाडीनं हिंगोलीच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, जायचा, कारण यांच्या गाडीतून एक बोंड सांडत नाही असं लोक म्हणायचे.

आणि ते प्यायचे. हेही लोकांना तितकंच ठाऊक होतं. हिंगोलीला कापूस उतरवला की कलालाच्या दुकानात मोहाची घ्यायची, इथून सुरुवात झाली म्हणे. पुढं बाजार असो नसो, दिवस कलला की बाटली निघायला लागली. मी त्या घरात आले तेव्हा हे पक्कं होऊन बसलं होतं. संध्याकाळी ते भिंतीला धरून, झोकांड्या देत यायचे, वाटेतल्या घागरीला लाथ मारायचे आणि वर घागरीलाच शिव्या द्यायचे. सकाळी गोठ्यात बैलांची अंगं चोळताना पाहिलं तर हाच का तो माणूस, असं वाटायचं.

सोडवायचे उपाय सगळे झाले होते. आमच्या सासूबाई, आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात, तुळशीची माळ घातलेल्या. त्यांनी लेकाला औंढ्याच्या देवळात नेऊन बेल उचलायला लावला. मामंजींनी चार लोकांत बसवून शपथ घ्यायला लावली. कुण्या वैदूनं कसलीशी मुळी उगाळून दिली, तिनं फक्त उलट्या झाल्या. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. प्रत्येक जण एकच म्हणे, आधी दारू सोड, मग तुझं बाकीचं बघू. बाकीचं काय होतं हे कुणी विचारलंच नाही.

मग जर्मनच्या लढाईच्या वर्षांत ती गाडी पडली. थंडीचे दिवस, लवकर अंधारणारे. हिंगोलीहून रिकामी गाडी घेऊन दीर येत होते. गावाजवळच्या ओढ्याच्या उतरणीला गाडी वाट सोडून गेली आणि कलंडली. ढवळ्याचा जोडीदार पवळा जुवाखाली सापडला, त्याचा पाय मोडला आणि दोन दिवसांत तो गेला. दीर त्याच्या तोंडाशी बसून होते, अन्न नाही, पाणी नाही. पोळ्याला जिथून बैल निघतात त्या वेशीत, सगळ्या गावासमोर, मामंजींनी त्यांच्या हातातून कासरा काढून घेतला. "दारुड्याच्या हाती मी जनावर देत न्हाई," म्हणाले. कासरा ओसरीच्या खुंटीला लागला. त्यानंतर ढवळ्याला नवा जोडीदार आणला आणि गाडी माझे मालक हाकायला लागले. बैल त्यांचंही ऐकायचे, पण नाइलाजानं.

मला तेव्हा दिरांचा रागच आला होता. बैलाचा जीव गेला, आता तरी लाज वाटावी! उलट ते आणखी प्यायला लागले.

माझे डोळे उघडले ते एका एकादशीला. एकादशीला ते पीत नसत. आईसाठी एवढं पाळत. दाराच्या उजव्या अंगाला एक दगड होता. त्यावर मी त्यांच्यासाठी रोज दिवेलागणीला पाण्याचा लोटा भरून ठेवायची. त्या दिवशी तिथं वासरू बांधलेलं होतं म्हणून मी लोटा डाव्या अंगाला ठेवला आणि आत उंबऱ्यापाशी दाराआड उभी राहिले. घासलेट मिळत नव्हतं, दिवे उशिरा लागत. पण बाहेर अजून उजेड होता. मला आतून लोटा दिसत होता, त्याची कड दिसत होती. दीर आले. पाय सरळ पडत होते. उजवीकडं वाकले, दगडावर हात फिरवला, लोटा नाही. मग जमिनीवर हात फिरवला. लोटा डाव्या पायाला लागेल इतक्या जवळ होता. ते थांबले. कुणी आहे का याचा कानोसा घेतला. वासरू हंबरलं, त्यांना वाटलं कुणी तरी आलं. आणि त्यांनी काय केलं? भिंतीवर खांदा आपटला, झोकांडी दिली आणि दारुड्यासारख्या शिव्या द्यायला सुरुवात केली.

माझ्यापासून हातभर अंतरावर होते ते. दारूचा वाससुद्धा नव्हता.

पिऊन न प्यायल्याचं सोंग करणारे मी पुष्कळ पाहिलेत. माझ्या माहेरी तर एक चुलते ते रोजच करायचे. पण न पिता प्यायल्याचं सोंग? दिवेलागण झाली की दिसेनासं होणं म्हणजे काय हे मला ठाऊक होतं. माझ्या मोठ्या बहिणीला बाळंतपणात रातांधळं आलं होतं. ती अशीच हात पसरून चालायची. मग एकेक गोष्ट आठवायला लागली. हे अंधार पडायच्या आत घरी येतात, नाहीतर पिऊन येतात. लाथ नेहमी घागरीलाच का बसते. जेवताना अक्कानं, म्हणजे माझ्या थोरल्या जावेनं, ताटात काय कुठं आहे ते सांगायच्या आधी हात का घालत नाहीत. आणि ती गाडी. उतरणीची ती वाट त्यांना डोळे मिटूनही गवसली असती, पण एक दगड कुणी सरकवला असेल तर तो कुठं दिसणार?

कुणाला सांगायचं? दिरांशी बोलायचं नाही. मामंजींपुढं तोंड उघडायचं नाही. मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, "दारू उतरली की दिसंल त्यायला." ढवळ्याला सांगून काही उपयोग नव्हता, त्याला हे आधीच माहीत असणार. शेवटी कापूस वेचताना मी अक्काला सांगितलं.

अक्का उभी राहिली. ओटीतला कापूस तसाच. "धाकटे, जीभ आवर," म्हणाली. "माझा मालक पितो. आंधळा न्हाई."

"अक्का, काल एकादस व्हती. प्यायले न्हवते ते."

"पुना बोललीस तर माझं तोंड बघू नकोस."

ती खरंच बोलेनाशी झाली. तिचं काय चुकलं? तिच्या पोरीला कळमनुरीकडचं स्थळ आलं होतं. पुढं तिनंच मला सांगितलं, "बाप पितो म्हणल्यावर सोयरे हसत्यात. बाप आंधळा म्हणल्यावर उठून जात्यात. रक्तातच हाय म्हणत्यात." दिरांचंही तेच होतं. लेकीचं लग्न होईपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही, म्हणून हा माणूस चारचौघांत दारुड्या म्हणून घेत होता. दारू होतीच, तिच्याआड डोळे लपवले. जितकं कमी दिसे तितकं जास्त प्यायचं, म्हणजे कुणी शंका घेणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण या मुठीत इंगळ होता.

काही दिवस गेले. एका संध्याकाळी अक्का माझ्यापाशी आली आणि भिंतीला टेकून खाली बसली. रडून रडून तिचा चेहरा सुजला होता. "मी अंगणात बसले व्हते गं," म्हणाली, "त्यायच्या म्होरं, हातभर अंतरावर. बोलले न्हाई. त्यायनी माझ्या अंगावरून पल्याड बघितलं आन मला हाक मारली. कुठं हायस म्हणून."

मी तिला जवळ घेतलं. मग आम्ही दोघींनी ठरवलं की अक्काच्या पोटात दुखतं.

अक्काच्या पोटात असं दुखलं की मामंजींनी स्वतः गाडी जुंपायला सांगितली. मालक हाकायला, दीर बायको आजारी म्हणून सोबत, आणि मी अक्काला धरायला. हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात तेव्हा हैदराबादेकडचे एक मुसलमान डॉक्टर होते. बारीक चणीचे, शेरवानीचं एक बटण कायम तुटलेलं, गालात पान-तंबाखू, आणि राग नाकाच्या शेंड्यावर. लेकरू फणफणल्यावर चार दिवसांनी घेऊन येणाऱ्या बापाला ते खुर्चीतून उठून शिव्या द्यायचे आणि मग तेच लेकरू मांडीवर घेऊन औषध पाजायचे. लोक त्यांना घाबरायचे आणि त्यांच्याकडंच जायचे.

अक्का आधी आत गेली. तिनं पोटाचं सोडून सगळं सांगितलं, पहिल्यांदा मी ओळखलं हेही सांगितलं. मग डॉक्टरांनी दिरांना आत बोलावलं. मी दारापाशी पदर ओढून उभी.

"पीते?" डॉक्टरांनी विचारलं.

"पितो साहेब. रोज पितो. म्हणून पडतो." दिरांनी मान खाली घातली. आता भाषण होणार, शपथ घ्यावी लागणार, याची त्यांना सवय होती.

"वो बाद में देखेंगे. खाते क्या?"

दीर गोंधळले. एवढ्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. त्यांना सांगता येईना, कारण संध्याकाळी बाटली असली की भाकरी राहूनच जायची, आणि सकाळी अन्नाची वासना नसायची.

"मेरे मुँह में क्या है?"

"पान हाय साहेब."

"तंबाखू. जवानी से छूटा नहीं. मैं तुमको किस मुँह से बोलूँ, छोड़ दो? बीमारी दिखाओ पहले. बाकी बाद में."

त्यांनी दिरांना झोपवलं, बरगडीखाली बोटं दाबली. डोळ्यांच्या पापण्या उलटून पाहिल्या, बराच वेळ पाहिलं. मग उठले आणि आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं. अक्कालासुद्धा. "बीवी भी बाहर." खिडक्या लावल्या, दार लावलं. आम्ही पडवीत उभे. आतून किल्ल्यांचा जुडगा फरशीवर पडल्याचा आवाज आला आणि डॉक्टरांचा आवाज, "उठाओ." हातानं फरशी चाचपल्याचं ऐकू येत होतं. आणि मग माझे थोरले दीर रडायला लागले. पवळा गेला तेव्हाही ते असे रडले नव्हते.

माणसाची लाज कशी राखावी हे मी त्या दिवशी त्या रागीट माणसाकडून शिकले. दार उघडलं तेव्हा डॉक्टर मोठ्या आवाजात, पडवीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जिगर की बीमारी है. कोई पूछे तो इतनाच बोलना." आणि खोटंही नव्हतं ते; जिगर म्हणजे यकृत, तेही दारूनं बिघडलेलंच होतं. मग अक्काला आणि मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "ये खानदान की बीमारी नहीं, अम्मा. थाली की है. शराब ने जिगर खाया, पेट में खाना नहीं, आँख का तेल सूख गया. दिया बुझने लगा तो क्या करते? तेल डालते. मगर देर करे तो दिन में भी नहीं दिखेगा. फिर मेरे पास नक्को आना, मैं भी कुछ नहीं कर सकता."

अक्कानं विचारलं, "दारू आजपासून बंद करू का साहेब?"

"नक्को!" डॉक्टर ओरडलेच. एका माणसाला घरच्यांनी कोंडून एकदम दारू तोडली, तर तो थरथरायला लागला, फेफरं आलं आणि गेला, असं त्यांनी सांगितलं. दारू थोडी थोडी उतरवायची. ती घरात ठेवायची, बायकोनं ओतून द्यायची, आणि आधी ताट, मग बाटली. ताट रिकामं झाल्याशिवाय एक थेंब नाही. आणि औषध म्हणून मासळीच्या तेलाची बाटली दिली, बकऱ्याचं काळीज खाऊ घाला म्हणाले, शेवग्याचा पाला, तांदुळजा, दूध.

हे ऐकून घरात जो गोंधळ झाला तो काय सांगू! घरातली सून नवऱ्याला दारू ओतून देणार! मामंजी म्हणाले, "ह्यो डाक्टर हाय का कलालाचा मेव्हणा?" आणि माळकरी घरात मासळीचं तेल आणि काळीज! आत्याबाईंनी तर माळ हातात घेऊन डोळेच मिटले. अक्कानं सासऱ्यापुढं पहिल्यांदाच तोंड उघडलं. दाराआडूनच, पण उघडलं. "बेल उचलून झाला, शपथा झाल्या. आता मला माझ्या रीतीनं करू द्या. न्हाईतर ह्यायची काठी धरून मलाच हिंडावं लागंल." डोळ्यांचं मामंजींना तेव्हा कळलं. ते खुंटीवरच्या कासऱ्याकडं बघत राहिले.

काळीज घरात शिजणार नाही म्हणून शेतातल्या आखाड्यावर, जिथं आमची गुरं आणि वैरण असायची, तिथं तीन दगडांची चूल मांडली. जवळच्या तांड्यावरची एक म्हातारी आमच्या शेतात निंदायला यायची. तांड्यावर बकरं कापलं की ती काळीज पळसाच्या पानात बांधून आखाड्यावर आणून द्यायची, कशासाठी हे न विचारता. मी शेवग्याचा पाला ओरबाडून आणायची. आमच्या दारातला शेवगा त्या वर्षी बोडका झाला. बाटलीचं काम अक्काचं. बाटलीवर काजळाची रेघ ओढायची, रेघेपर्यंतच त्या दिवसाची. दर आठवड्याच्या बाजारी ती रेघ बोटभर खाली उतरायची. दीर आधी ताट बघायचे, मग रेघ बघायचे, मग अक्काकडं बघायचे. एकदा म्हणाले, "काजळ लईच मोठं झालं तुझं." अक्का म्हणाली, "डोळ्यासाठीच हाय."

आणि तेल कुणी पाजलं असेल? आत्याबाईंनी. पहिल्या दिवशी बूच काढलं तसा घरभर तो वास सुटला आणि दिरांनी तोंड फिरवलं. आत्याबाई देवघरातून उठल्या, गळ्यातली माळ काढून देवापुढं ठेवली, पदरानं नाक बांधलं आणि चमचा स्वतःच्या हातानं लेकाच्या तोंडात घातला. मग विहिरीवर जाऊन अंघोळ केली आणि माळ पुन्हा घातली. रोज. थंडीतसुद्धा. डोळ्यांत तेल घालून जपणं म्हणतात ते लोक नुसतं म्हणतात. आमच्या आत्याबाईंनी ते केलं, तेल फक्त तोंडात घातलं. मला त्या बाईच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटायचं. घरात पुष्कळ जणी देवभक्त असतात, पण लेकरासाठी देवाला चार घटका थांबवून ठेवायची हिंमत फार थोड्यांची.

सगळं सरळ झालं असं नाही. पोळा आला. वेशीत बैलांची मिरवणूक, आणि आमच्या ढवळ्याचा कासरा माझ्या मालकांच्या हातात. दीर ओसरीवर बसून वाजंत्री ऐकत राहिले. संध्याकाळी पाहिलं तर ते कुठंच नव्हते. सापडले ते आखाड्यावर, शुद्ध हरपलेले. अक्कानं कपाळ बडवून घेतलं. पुढच्या खेपेला ती डॉक्टरांपुढं रडली, आता शिव्या बसणार म्हणून. डॉक्टरांनी दिरांना एवढंच विचारलं, "उस दिन तेल लिया था?"

"घेतलं व्हतं साहेब. आई सोडतीय व्हय?"

"बस. पाँव फिसला, रास्ता नहीं छूटा. चलो, आँख दिखाओ."

एवढंच. ज्या माणसाला सगळ्यांनी पडल्यावर मोजलं होतं, त्याला कुणी तरी चालताना मोजलं. त्यानंतर काजळाची रेघ जिथं होती तिथून पुन्हा उतरायला लागली. दिरांच्या अंगावर मांस चढलं, डोळ्यांतला कोरडा मळकटपणा गेला. मी मधूनमधून दिवेलागणीला लोटा मुद्दाम सरकवून ठेवायची आणि दाराआड उभी राहायची. किती संध्याकाळी ते हात चाचपडायचे आणि मी श्वास कोंडून धरायची! मग एका संध्याकाळी, पक्कं अंधारलं होतं, आत दिवा लागला नव्हता, दीर आले, डावीकडं वाकले, लोटा उचलला, घटाघटा प्याले आणि रिकामा लोटा उजवीकडच्या दगडावर, त्याच्या नेहमीच्या जागी, ठेवून आत गेले. मी दाराआड पदराचा बोळा तोंडात कोंबून रडले.

पुढच्या पोळ्याला मामंजींनी खुंटीवरून कासरा काढला, तेल लावून मऊ केला आणि ज्या वेशीत हिसकावून घेतला होता त्याच वेशीत, त्याच लोकांसमोर, दिरांच्या हातात दिला. "बैल तुझी वाट बघून राहिलेत," म्हणाले. मामंजींकडून माफीचा शब्द याच्या वर कधी निघाला नसता, आणि दिरांना तो पुरला. पोरीचं लग्न कळमनुरीकडं झालं. दारू एकदम सुटली नाही. सणावाराला थोडी चालायची, मग तीही गेली. केव्हा गेली हे कुणाच्या लक्षातच आलं नाही, आणि मला वाटतं असंच जायला हवं होतं.

मग अठ्ठेचाळीस साल आलं आणि निजामाचं राज्य गेलं. आम्हाला आनंद झाला, तो खोटा नव्हता. पण त्या दिवसांत भीतीही फार होती, आणि आधी आमच्या घरांत असलेली ती आता मुसलमानांच्या घरांत शिरली होती. डॉक्टर, त्यांची बायको आणि म्हातारी आई हैदराबादेकडं जायला निघाले होते. हिंगोलीच्या ठेसनावर नुसती गर्दी आणि नाही नाही त्या अफवा. पुढच्या एखाद्या लहान ठेसनापर्यंत कुणी सोडलं तर आगगाडी गाठता येईल, पण तिथवर त्यांना न्यायला कुणी धुरकरी तयार नव्हता. आमच्याकडं हे बाजारातून आलेल्या माणसानं सांगितलं. दीर जेवत होते. ताट तसंच ठेवून उठले आणि तरणी जोडी जुंपायला लागले.

मामंजी म्हणाले, "दिवस बरे न्हाईत. दिवसाढवळ्या वाटंनं कुणी बघितलं तर?"

"दिवसा न्हाईच नेणार," दीर म्हणाले. "अंधारात नेणार. कंदील न लावता."

अंधारात कंदिलाशिवाय गाडी नेईन, हे कोण म्हणतंय ते आम्हा सगळ्यांना कळत होतं. अक्कानं भाकऱ्या बांधल्या. डॉक्टरांच्या घरच्या बायका पडद्यातल्या, म्हणून मी माझं बाजूला ठेवलेलं जाड लुगडं गाडीला पडदा लावायला काढून दिलं. आत्याबाई माळ ओढत बसल्या. पवळा ज्या उतरणीवर पडला होता तिथूनच गाडी जाणार होती. ती रात्र आम्ही कशी काढली ते आमचं आम्हाला ठाऊक.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर गाडी अंगणात आली. गाडीला ओरखडा नव्हता, बैल घामानं भिजलेले. दीर खाली उतरले, कासरा खुंटीला अडकवला. मी लोटा भरून दगडावर ठेवला आणि दाराआड गेले. ते पाणी प्याले, पण घरात आले नाहीत. गोठ्यात म्हाताऱ्या ढवळ्यापाशी जाऊन बसले, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि मला ऐकू येईल असं बोलले.

"ढवळ्या, डाक्टरसाहेब गाडीत एक सांगून राहिले. म्हणाले, मी फक्त औषध दिलं. तुझ्या डोळ्याचं पहिल्यांदा तुझ्या घरच्या धाकट्या सुनंनं ओळखलं." त्यांनी ढवळ्याच्या पाठीवरून हात फिरवला. "मला वाटायचं घरात सगळ्यायला मी दारुड्याच दिसून राहिलो. एकीला तर माणूस दिसला व्हता. तिला म्हणावं, लोटा आता कुठंबी ठेव. दिसतो मला."

निरोप आला म्हणजे उत्तर द्यायलाच हवं. मी पदर सावरला, गोठ्याच्या तोंडाशी आले आणि म्हणाले, "ढवळ्या, भाकरी झाली म्हणावं. हात धुवून घ्या म्हणावं."

ढवळ्यानं कान हलवला, आणि दीर हात धुवायला उठले.